पुसलेला बोळ

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. आता चाळिशी उलटून गेली, गुडघे कुरकुर करतात, पण भिंगरी काही सुटली नाही. बँकेच्या रांगेत उभी असले तरी मी नंबर सोडून दोनदा बाहेर चक्कर मारून येते. म्हणूनच मला हे नकाशाचं काम मानवलं असावं. गावोगाव जायचं, तिथल्या तरुण पोरापोरींच्या हातात फोन द्यायचे, त्यांना गाव पायी फिरायला लावायचं आणि त्या फिरण्यातनं गावाचा नकाशा करायला शिकवायचं. खुर्चीत बसून करायचं काम असतं तर मी पहिल्याच आठवड्यात पळून गेले असते.

मी तुळजापूरला राहते. त्या डिसेंबरात आमच्या संस्थेनं मला नळदुर्गच्या अलीकडचं, हायवे सोडून आत असलेलं एक गाव दिलं. सकाळी स्कूटी काढायची, देवीला आलेल्या सोलापूरच्या गाड्यांमधनं वाट काढायची आणि दहाच्या आत तिथल्या शाळेत पोचायचं. शाळेची मागची खोली आम्हाला मिळाली होती. शिकायला आठ जण, पाच पोरं आणि तीन पोरी. सामान म्हणजे सहा फोन आणि एक लॅपटॉप.

पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "हा फोन आभाळातल्या उपग्रहांना सारखा विचारत असतो, मी कुठं आहे, मी कुठं आहे. उत्तर आलं की एक ठिपका टाकतो. तुम्ही चालाल तसे ठिपके पडतात, ठिपक्यांची रेष होते, आणि ती रेष लॅपटॉपवर घेतली की झाला रस्ता." मग एका पोराला फोन देऊन लिंबाखाली दहा मिनिटं नुसतं उभं केलं. परत आल्यावर पडद्यावर दाखवलं तर एका जागी सुतळीचा गुंता पडावा तशी गाठ. माणूस उभा राहिला तरी फोन उभा राहत नाही. उपग्रहाचं उत्तर दर वेळी चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं येतं आणि रेष तिथंच घिरट्या घालते. "अशा गाठी नकाशात ठेवायच्या नसतात," मी म्हणाले. "त्या पुसायच्या. त्याला साफ करणं म्हणतात."

"म्हंजे फोन बी मॅडमसारखाच हाय," मागनं बारीक आवाज आला. "एका जागी दम न्हाय त्याला."

सगळे खो खो हसले. मीही हसले, काय करणार, खरंच होतं ते. बोलणारी होती त्या आठ जणांतली एकुलती एक लग्न झालेली. गावाची सून. बावीस-तेवीस वर्षांची असेल. बारावी झालेली, माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं, त्यामुळं चिडली की कानडीत पुटपुटायची आणि मला काय शिव्या पडल्या ते कधी कळायचं नाही. सासूनं तिला वर्गाला पाठवलं होतं ते दोन अटींवर. डोक्यावरचा पदर ढळता कामा नये आणि पाचच्या आत घरी. पोरगी हुशार होती. लॅपटॉपवर थर कसे चढवायचे, विहिरीचा थर, रस्त्यांचा थर, घरांचा थर, हे पोरांना तीनदा सांगावं लागायचं, हिला एकदा.

ग्रामसेवकांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. "नकाशा झाला की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत लावू मॅडम. दिवे कुठं बसवायचे, गटार कुठनं न्यायचं, समदं त्यावरनं ठरवू. दोन-चार जागांचे अर्ज पडून हायत, ते बी मार्गी लागतील." कुठले अर्ज, हे मी विचारलं नाही. मला घाई होती. मला नेहमीच घाई असते. त्यातला एक अर्ज एका बोळाचा होता आणि ही सून वर्गाला आली होती ती त्या बोळापायीच. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्या गावाच्या मधोमध मारुतीचं देऊळ आहे. पुढं पिंपळ, पिंपळाला पार. सकाळी उन्हं आली की गावातली कर्ती माणसं पारावर येऊन बसतात ती जेवायलाच उठतात. वेशीपासून शाळेपर्यंत जाणारा सिमेंटचा रुंद रस्ता बरोब्बर पारासमोरनं जातो. आणि देवळाच्या मागं, दोन दगडी भिंतींच्या मधनं, हात पसरले तर दोन्हीकडं टेकतील एवढा एक बोळ आहे. वेशीकडनं येताना पाराच्या अलीकडं शिरलं की थेट नळाच्या चौकात निघतो. तिथनं शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा. मी वीस दिवस त्या गावात फिरले आणि त्या बोळाकडं एकदाही वळून बघितलं नाही. मला तो कुणाच्या तरी घराचा सांडपाण्याचा भाग वाटला.

रस्ते वाटून देताना मी सुनेला हाच रस्ता दिला, वेस ते शाळा. सगळ्यांत सोपा. तिची रेष आली तर पाराच्या अलीकडं वळलेली. सरळ येता येता उजवीकडं शिरली, देवळाला वळसा घालून पुन्हा रस्त्याला लागली.

"अगं, रस्ता सोडून कुठं भटकतेस?" मी म्हणाले.

"असाच रस्ता हाय मॅडम."

"असाच कसा? पारावरनं सरळ सिमेंटचा रस्ता आहे, आंधळ्यालाही सापडेल. उद्या परत चाल."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रेष तीच. तिसऱ्या दिवशीही तीच. मी तडकले. वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन दिवसांत एक सरळ रस्ता चालता येत नसेल तर कठीण आहे बाई." तिनं मान खाली घातली आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. मी मनात म्हटलं, जाऊ दे, दोन उंच भिंतींमध्ये फोन उड्या मारतो हे मला माहीत आहे, फोनच उडाला असणार. मग मधेच येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. गाव सगळं रानात. पोरांनी मला ज्वारीच्या फडात नेऊन आंबील आणि भज्जी खाऊ घातली आणि विषय राहून गेला.

त्या रविवारी तुळजापूरला घरी मी नकाशा साफ करायला बसले. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या मारत होता, खाली भाविकांची पोरं कवड्यांच्या माळांसाठी रडत होती आणि मी एकेक गाठ पुसत होते. पोरं चहाला थांबली त्या गाठी, कुत्रं मागं लागलं तेव्हा पळाली त्या वाकड्या रेषा, सगळं साफ. सुनेची ती वळलेली रेष दिसली. मी ती निवडली आणि पुसली. उपग्रहाच्या चित्रावर पारासमोरचा सिमेंटचा रस्ता स्वच्छ दिसत होता, त्यावरनं सरळ रेष ओढून टाकली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! एवढा देखणा नकाशा माझ्या हातून कधी झाला नव्हता. फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून त्या सहाही फोनमधल्या जुन्या रेषा त्याच झपाट्यात काढून टाकल्या. मग कुकर उघडला आणि पोटभर वरणभात खाल्ला.

सोमवारी नकाशाचा कागद वर्गाच्या भिंतीला लावला. पोरं आपापलं घर शोधायला झुंबड करून पुढं आली. सून मागं थांबली. गर्दी हटल्यावर ती नकाशाजवळ गेली, बोट वेशीवर ठेवलं आणि रस्त्यावरनं पुढं नेलं. पाराजवळ बोट थांबलं. मग तिनं पदर सावरला, पिशवी उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी निघाले ते तणतणतच. अशा वेळी मला राग येतो. एवढं शिकवायचं आणि पोरींनी सांगता न सांगता गळायचं, हे मी दहा गावांत बघितलंय. पारासमोरनं गेले. पारावरची माणसं नेहमीसारखी पाय आवरून म्हणाली, "नमस्कार मॅडम." मी नमस्कार केला आणि टकाटका पुढं गेले.

ओसरीवर तिची सासू हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. सत्तरीची, वाळकी, आवाज मात्र खणखणीत.

"या मॅडम. तुमची चप्पल लई वाजती. पारावर होता तवाच कळलं मला, की तुमी आला."

मी म्हटलं, "मावशी, सून वर्गाला का येत नाही? तुम्ही अडवलंत का?"

"म्या कशाला अडवू? तीच म्हणती, जाऊन काय उपेग न्हाय."

सून आतनं पाणी घेऊन आली. तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं. बोळाला लागून ज्यांचं घर आहे, ते तिचे चुलत सासरे, त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतलाय. ट्रॅक्टरला शेड पाहिजे. त्यांनी पंचायतीत अर्ज दिलाय की हा बोळ वापरात नाही, तो आम्हाला द्यावा. अर्जाचा निकाल ग्रामसभेत, आणि ग्रामसभेत समोर असणार माझा नकाशा. "आमी बायका पारावरच्या माणसांम्होरनं जात न्हाय, त्या बोळातनंच जातो. म्या वर्गाला आले ते ह्याच्यासाठी," ती म्हणाली. "म्हटलं, नकाशात बोळ आला की कुणाला नाही म्हणता येणार न्हाय. तीन दिवस मुद्दाम तिथनं चालले. तुम्ही ओरडला तरी चालले. तुम्ही पुसून टाकलं."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"पोरांसमोर कसं बोलू? त्यातला एक त्या काकांचा पुतण्या हाय."

"पण मला सांग," मी म्हणाले, अजून माझी गुर्मी उतरली नव्हती, "बोळ गेला तर गेला. समोर एवढा मोठा रस्ता आहे. पारावरनं जा ना सरळ! कोण अडवलंय तुला? अशा बोळाबोळातनं लपून किती दिवस जाणार तुम्ही बायका?"

मी आणखीही बोलले. बरंच बोलले. बायकांनी कसं ताठ मानेनं चाललं पाहिजे वगैरे. सासू भाजी खुडत ऐकत होती. माझं संपल्यावर सून शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमच्या सासरी तुम्ही जाता का पारावरनं?"

माझं सासर लोहारा तालुक्यात आहे. बावीस वर्षं झाली लग्नाला. एसटीतनं उतरले की मी सरळ जात नाही. पाराच्या अलीकडं उजवीकडं वळते, चावडीच्या मागनं, गोठ्यांच्या कडेनं घरी पोचते. सासूनं पहिल्या दिवशी तशी नेली होती. त्यानंतर मी त्यावर कधी विचारसुद्धा केला नव्हता. या गावात मी मॅडम आहे, पुरुष पाय आवरतात. तिथं मी धाकली सून आहे. तांब्यातलं पाणी मी घटाघटा प्यायले, नाहीतर काय करणार होते?

"तसं न्हाय मॅडम," सासू म्हणाली, आवाज जरा मऊ करून. "पारावरनं जायचं का न्हाय, ते हिनं बघावं, तिच्या येळंला. म्या काय अमरपट्टा घेऊन आले न्हाय. पण माझ्या जिवात जीव हाय तवर मी हिला पारावर बसलेल्या माझ्या थोरल्या दिरांच्या म्होरनं जाऊ देणार न्हाय, हे बी खरं. आज तो बोळ हाय म्हणून पोरगी बाहेर पडती. नळाला जाती, शाळंत येती. उद्या बोळ बुजला की हिचं पाऊल घरात. मीच ठेवीन."

एवढं सरळ कुणी मला आजवर सांगितलं नव्हतं. त्या म्हातारीचा राग यावा की तिच्या पाया पडावं, कळेना. सून दाराला टेकून उभी होती. बोळ गेला की तिचं सगळंच जाणार होतं, आणि तो मी कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे पुसला होता.

"मी रेष परत काढते," मी म्हणाले. "आत्ता लॅपटॉपवर काढते."

"मग काका म्हणतील, मॅडमनी हातानं काढली," सून म्हणाली. "चाललेली रेष पायजे. आणि एकटीची न्हाय."

चाललेल्या रेषा तर मी सगळ्या फोनमधनं उडवल्या होत्या. मी ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले. सासूनं दोनदा बसा म्हटलं, मी बसले नाही. शेवटी तीच म्हणाली, "परवा संक्रांत हाय. समद्या गावच्या बायका वाणाची ताटं घिऊन ववसायला निघत्यात. एक बाई पारावरनं जायची न्हाय. तेंच्याकडं द्या की ते फोन."

मी तिथल्या तिथं तिला मिठी मारली. हरभऱ्याची भाजी सगळी ओसरीभर झाली.

संक्रांतीला मी जरीची साडी नेसून गावात गेले, स्कूटीवर साडी आवरता आवरता जीव मेटाकुटीला आला. दुपारी नळाच्या चौकात बायका जमल्या. ताटात सुगडं, सुगडांत ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे. वर रुमाल. सून एकेकीला फोन सुरू करून देत होती. "काय करायचं न्हाय काकू, नुसतं जवळ ठेवायचं. बटण दाबायचं न्हाय." कुणी कमरेला खोचला, कुणी पिशवीत टाकला, एकीनं ताटात तिळगुळाशेजारीच ठेवला. "ह्याला बी हळदीकुंकू लावू का?" म्हणून एक म्हातारी खिदळली. पाच फोन गेले. सहावा सुनेनं स्वतःला ठेवला होता, तेवढ्यात एक ठसठशीत कुंकवाची बाई पुढं आली. "मला बी द्या की एक," म्हणाली आणि सुनेच्या हातातनं घेऊन पदराआड ठेवून दिला. ती कुणाच्या घरातली, ते मी विचारलं नाही. सून तिच्याकडं बघतच राहिली, एवढं मात्र मला आठवतंय.

बायका विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात गेल्या, तिथनं एकमेकींच्या घरी वाण द्यायला. मी शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. चार वाजता फोन परत आले. सून लॅपटॉपसमोर बसली, पोरं मागं उभी राहिली. पहिली रेष आली, बोळातनं. दुसरी आली, बोळातनं. एकेक रेष येत गेली आणि बोळाच्या जागी जाड दोरखंड वळल्यासारखं दिसायला लागलं. जाताना, येताना, पुन्हा जाताना. पारासमोर एकही नाही. एवढा मोठा सिमेंटचा रस्ता पडद्यावर कोरा पडला होता.

त्या काकांचा पुतण्या हळूच म्हणाला, "आई पण?" त्याच्या आईच्या हातातही एक फोन होता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला भयंकर रागही आला. कुणाचा, म्हणाल तर सगळ्यांचा. पण सगळ्यांत जास्त माझा.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. झेंडावंदनानंतर पुरुष खुर्च्यांवर, बायका एका बाजूला सतरंजीवर. नकाशाचं मोठं फ्लेक्स भिंतीला. दिवे झाले, गटार झालं, मग ग्रामसेवकांनी अर्ज वाचला. सदर बोळ गावकऱ्यांच्या वापरात नाही.

ट्रॅक्टरवाले काका उठले. धिप्पाड माणूस, पण बोलायला सालस. "म्या काय खोटं लिवलं न्हाय," ते म्हणाले. "रोज पारावर बसतो. इतक्या वर्सांत एक माणूस त्या बोळात शिरताना म्या बघितला न्हाय." खुर्च्यांवरच्या माना हलल्या. आणि ते खरंच खोटं बोलत नव्हते. पारावर बसलेल्या माणसाला तो बोळ दिसतच नाही.

मी उठायला गेले, तर सुनेनं माझा पदर धरून खाली ओढला. "बसा मॅडम," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं ऐकून बसले. ती उठली, फ्लेक्सपाशी गेली, गावाकडं पाठ करून उभी राहिली आणि बोट नकाशावर ठेवलं.

"ह्या सहा रेषा सहा फोनच्या हायत. संक्रांतीच्या. फोन बायकांकडं होते. समद्या रेषा बोळातनं गेल्यात."

पटांगणात कुजबुज झाली. काका हसले. "मग पारावरनं जावा की! कोण अडवलंय? आमी काय वाघ हाव?"

पुरुष हसले. मला मात्र हसू येईना. ते माझंच वाक्य होतं. कोण अडवलंय. मी त्या पोरीच्या ओसरीवर उभी राहून तिला तेच ऐकवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सतरंजीवरनं सासूचा खणखणीत आवाज आला. काका तिचे थोरले दीर, त्यांच्याशी ती थेट बोलत नाही, म्हणून सुनेकडं बघूनच बोलली. "अगं, इचार त्यांना. सहा नंबरची रेष बोळात कुणाच्या परसातनं शिरलीय म्हणावं."

सुनेचं बोट सहाव्या रेषेवरनं मागं मागं सरकत गेलं आणि एका घरावर थांबलं. "काकांच्या परसातनं," ती म्हणाली.

काकांनी नकाशाकडं बघितलं. मग सतरंजीकडं. तिथं दुसऱ्या रांगेत ती ठसठशीत कुंकवाची बाई बसली होती. तिनं पदर पुढं ओढला आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "तिळगूळ वाटायला गेलते." सगळ्या सतरंजीवर हसू फुटलं. काका खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढी वर्षं एका घरात राहून आपली बायको कुठनं जाते-येते हे आपल्याला ठाऊक नाही, असा काहीतरी भाव होता. निदान मला तसं वाटलं.

सरपंच म्हणाले, "लिवा, बोळ हाय तसा ठेवावा." ग्रामसेवकांनी लिहिताना आपल्या मनानं 'सध्या' हा शब्द घातला. मी त्यावरनं भांडायला निघाले होते, पण सून म्हणाली, "राहू द्या मॅडम. सध्या तर सध्या." पुढं आठ दिवस बोळाच्या तोंडाशी काकांची ट्रॉली उभी होती आणि बायका अंग चोरून जात होत्या. नवव्या दिवशी ट्रॉली हलली. कुणी हलवायला लावली मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मला शाल दिली. सून म्हणाली, "मॅडम, मला एक पायजे. तुमच्या सासरची रेष पाठवा. साफ न करता." पोरांना वाटलं, गंमत करतेय. मी हो म्हणाले.

पाडव्याला सासरी गेले. फाट्यावर एसटीतनं उतरले, फोन सुरू केला आणि चालायला लागले. मनाशी पक्कं ठरवलं होतं, आज सरळ जायचं. दहा गावच्या पोरींना शिकवणारी बाई मी. पाराच्या अलीकडं आले आणि पाय आपोआप उजवीकडं वळले. मी थांबले. पारावर माझे थोरले दीर बसले होते, पेपर वाचत. त्यांनी मला कधी एका शब्दानं दुखावलेलं नाही. मी चार पावलं पुढं गेले, परत मागं आले. चप्पल काढून हातात घेतली, पुन्हा पायात घातली. ऊन डोक्यावर होतं. स्वतःचा इतका संताप आला की रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात मागनं नणंद आली. "वहिनी, उन्हात काय उभ्या? चला की." आणि तिच्याबरोबर मी चावडीमागनं, गोठ्यांच्या कडेनं घरी गेले. खोटं कशाला सांगू?

दुपारी जेवणं झाल्यावर फोन उघडला. फाट्यापासून सरळ आलेली रेष, मग एक गाठ, चांगली गच्च, आणि मग उजवीकडचं वळण. एवढी मोठी गाठ मी कुणाच्याच फोनवर बघितली नव्हती. सवयीनं बोट पुसायच्या खुणेवर गेलं. मग मी बोट काढून घेतलं आणि रेष होती तशी सुनेला पाठवून दिली.

तिचं उत्तर लगेच आलं. "मॅडम, लई मोठी गाठ पडलीय. साफ करू का?"

मी लिहिलं, "नको. राहू दे." आणि सासरच्या त्या ओसरीवर कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.